दुपारी बारा ते दोन

फ्रान्सचा बेत आखताना बहुतेक जण काय काय बघायचं याची यादी करायला बसतात. माझं मत असं की त्याआधी काय केव्हा बंद असतं ते लिहून काढावं. पॅरिसचं लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद. ओर्से संग्रहालय सोमवारी बंद. रविवारी बाजारपेठेतली बरीचशी दुकानं बंद, लहान गावांत सोमवारीसुद्धा. बहुतेक खानावळींचं स्वयंपाकघर दुपारी दोनच्या सुमारास बंद होतं ते संध्याकाळी सातलाच उघडतं. १ मे रोजी तर जवळपास सगळा देश बंद. त्या दिवशी रस्त्याच्या कडेला उभं राहून कुणीही म्युगेच्या छोट्या पांढऱ्या फुलांच्या जुड्या विकतं. आणि ऑगस्टमध्ये पॅरिसच्या कितीतरी दुकानांच्या दारावर अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत सुट्टी, असा कागद चिकटवलेला असतो. मालक गावाला नाहीतर समुद्रावर गेलेला असतो आणि गिऱ्हाईकही ते धरूनच चालतं.

हे सगळं मी भिंतीवरच्या कालनिर्णयवर लाल पेनाने लिहून काढलं. पॅरिसचे बंद वार आणि आपल्या चतुर्थ्या-एकादश्या एकाच पानावर आल्या. लिहिता लिहिता लक्षात येत गेलं की मला जे समजून घ्यायचंय ते इथेच आहे. दिवसातला कामाचा वेळ किती आणि आपला किती, हे या समाजाने भांडून ठरवलंय, कायद्यात लिहून ठेवलंय आणि रोज दुपारी तो ते पाळतो.

मी मूळची सोलापूरची. वडील मिलमध्ये होते आणि आमचं घर भोंग्यावर चालायचं. पहिल्या भोंग्याला बाबा उठायचे, पुढच्याला डबा घेऊन बाहेर पडायचे, आणि पाळी सुटल्याचा भोंगा झाला की आई चुलीवर तवा ठेवायची. प्रवास म्हणजे पंढरपूर, तुळजापूर आणि लग्नकार्य. निव्वळ फिरायला म्हणून घराबाहेर पडणं बाबांच्या आयुष्यात बसलंच नाही. त्यामुळे भरपगारी रजा हा माझ्यासाठी जिव्हाळ्याचा विषय आहे, आणि फ्रान्सबद्दल वाचायला घेतलं तेव्हा राजेरजवाड्यांच्या आधी मी तो शोधला.

१९३६ च्या उन्हाळ्यात तिथे पॉप्युलर फ्रंटचं, म्हणजे डाव्या पक्षांच्या आघाडीचं सरकार आलं, लेओं ब्लुम पंतप्रधान झाले. निवडणूक झाल्या झाल्या कामगारांनी संप करून कारखान्यांतच ठाण मांडलं होतं. आवारात बाजा वाजत होता, नाच चालले होते. जूनमध्येच कायदा झाला: कामगाराला वर्षाला दोन आठवडे भरपगारी रजा, आणि आठवड्याचं काम चाळीस तास. पण रजा मिळाली तरी जायचं कुठे, आणि कशाने? लेओ लाग्रांज या तरुण उपमंत्र्याकडे क्रीडा आणि विरंगुळ्याचं खातं होतं. त्याने कामगारांसाठी रेल्वेचं सवलतीचं तिकीट सुरू करवलं, चाळीस टक्के स्वस्त. कुटुंबंच्या कुटुंबं आगगाडीने, सायकलींवर, तंबू बरोबर घेऊन निघाली. मशीनसमोर आयुष्य घालवलेल्या कितीतरी माणसांनी त्या वर्षी पहिल्यांदा समुद्र पाहिला. पुढे १९५६ मध्ये रजा तीन आठवड्यांची झाली, १९६९ मध्ये चार, १९८२ मध्ये पाच. पॅरिसच्या बेकरीवाल्यांच्या रजांचा तर सरकारच हिशेब ठेवायचं: काहींनी जुलैत जायचं, बाकीच्यांनी ऑगस्टमध्ये, म्हणजे रजाही सगळ्यांना आणि गावाला पावही. हा नियम २०१५ पर्यंत चालू होता. मला तो फार आवडला. बेकरीवाल्याने सुट्टी घेऊच नये असं कुणाच्या डोक्यातही आलं नाही, हे त्यातलं मोठेपण.

नवऱ्याने केलेला पहिला बेत वेगळा होता. पॅरिस, मग स्वित्झर्लंडचा बर्फ, मग व्हेनिस, रोम, आणि जमलं तर ॲम्स्टरडॅम. एवढे पैसे घालून जायचं तर सगळं बघून यावं, असं घरातले सगळेच म्हणत होते. या हिशेबाला मी नावं ठेवणार नाही. ज्या पिढीला परदेश एकदाच दिसणार होता तिच्यासाठी तो बरोबरच होता. माझी मोठी आत्या अशाच एका सहलीला गेली होती. बसमध्ये मराठी माणसं, रात्री वरणभात, आणि रोज नवा देश. ती इतकी खुशीत परत आली की पुढची कित्येक वर्षं आमच्याकडे प्रत्येक लग्नात आयफेल टॉवरचा विषय निघायचा. पण माझ्या लाल खुणांच्या पानाशी तो बेत जुळेना. रोज सामान बांधायचं तर दुपारचे दोन तास जेवायला कुठून आणणार? बसमधून उतरून फोटो काढून पुन्हा बसमध्ये चढणाऱ्याला बंद दुकानाचा नुसता राग येतो; त्याच गावात आठवडाभर राहणारा दुसऱ्या दिवसापासून त्या वेळेला धरून आपली कामं लावतो. आम्ही यादीतून एकेक देश खोडत गेलो. शेवटी पॅरिस आणि ल्यों एवढीच नावं उरली, आणि त्यातही जास्त मुक्काम ल्योंला.

व्हिसाबद्दल थोडक्यात. शेंगेन व्हिसा युरोपातल्या बऱ्याच देशांसाठी एकच असला तरी ज्या देशात जास्त दिवस राहणार त्याच देशाकडे अर्ज करायचा असतो. तो प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि उन्हाळ्यात गर्दी असल्यामुळे लवकर केलेला बरा. किमान तीस हजार युरोंचा प्रवासविमा लागतो. बोटांचे ठसे, बँकेची स्टेटमेंट, आयकराची विवरणपत्रं, राहण्याचं बुकिंग, परतीचं तिकीट, हे सगळं फायलीत एका क्रमाने लावलं की काम सोपं होतं. यातला एकच कागद मी जीव लावून लिहिला: प्रवासाचा उद्देश सांगणारं पत्र. एजंटकडे त्याचा तयार नमुना मिळतो. मी तो घेतला नाही. सोलापूरच्या चादरींवरची नक्षी ज्या यंत्राने उठते ते यंत्र ल्योंचं आहे, आणि ते मला पाहायचंय, असं मी सरळ लिहिलं. अधिकाऱ्याने ते वाचलं की नाही, देव जाणे. मला मात्र आपण कशाला जातोय हे त्या पत्रातून नीट उमगलं.

भाषेची तयारी म्हणून शनिवारी फ्रेंचच्या वर्गाला जाऊ लागले. आलियांस फ्रांसेज ही संस्था १८८३ मध्ये पॅरिसमध्ये सुरू झाली, आणि मुंबई-पुण्यातल्या तिच्या शाखांमधून कितीतरी मराठी मुलं शिकून गेली आहेत. आमच्या बाईंनी व्याकरणाच्या आधी दुकानात शिरायला शिकवलं. दार ढकललं की पहिला शब्द ‘बोंजूर’, मग दुकानदार बाई असेल तर ‘मादाम’, पुरुष असेल तर ‘मस्य’. मग काय हवं ते. निघताना आभार आणि ‘दिवस चांगला जावो’. बसच्या ड्रायव्हरला, लिफ्टमधल्या माणसाला, डॉक्टरकडे ताटकळत बसलेल्यांनासुद्धा. बाई म्हणाल्या, ‘‘हे तुम्ही गाळलंत ना, तर पुढे कितीही शुद्ध फ्रेंच बोला, समोरचा थंडच राहणार. कारण तुम्ही त्याच्या घरात शिरून त्याच्याकडे न बघता कपाटच उघडलंत.’’ फ्रेंच माणसं तुसडी असतात असं आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. जाऊन आल्यावर मी ठामपणे सांगते की तुसडेपणाच्या बहुतेक तक्रारी या एका शब्दापाशी येऊन थांबतात. तिथे काउंटरमागचा माणूस आपल्या बरोबरीचा आहे हे आधी कबूल करायचं असतं, खरेदी त्यानंतर.

याच काळात मी गी प्वातव्हँ यांच्याबद्दल वाचलं. फ्रान्समधला हा माणूस पुण्यात येऊन राहिला, इथलाच झाला, आणि त्यांनी हेमा राईरकरांबरोबर महाराष्ट्रभरच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त ओव्या त्या कामातून जमल्या, त्याही शेकडो खेड्यांतून. दळणाऱ्या बाईला ना रविवार होता ना रजा. पहाटे सगळं घर झोपलेलं असताना जात्याच्या खुंट्याशी जो वेळ मिळायचा तेवढाच तिचा, आणि त्यात ती आपलं सुखदुःख गायची. एका फ्रेंच माणसाने तिथे कान लावावा, त्यासाठी मराठी शिकावी, आयुष्य घालावं, हे वाचून माझा ऊर भरून आला. माझी आजी अशाच ओव्या म्हणायची. त्या कुणी लिहून घेतल्या नाहीत.

पॅरिसबद्दल मी फार लिहीत नाही. त्यावर भरपूर लिहिलं गेलंय. ओर्से मला लूव्रपेक्षा आवडलं. १९०० च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेलं रेल्वे स्टेशन ते, १९८६ पासून संग्रहालय. मोठ्या घड्याळाच्या काचेमागून नदी दिसते. आणि लुक्झेंबुर्ग बागेत हिरव्या लोखंडी खुर्च्या मोकळ्या ठेवलेल्या असतात, हव्या तिथे ओढून बसा, पैसे नाहीत. दुपारी माणसं तिथे काहीही न करता बसलेली असतात. मी आणि नवरा तिथे बसलो तेव्हा पहिला अर्धा तास तो फोनमध्ये पुढचं काय ते बघत होता. मग त्याने फोन खिशात ठेवला.

पावाबद्दल मात्र सविस्तर सांगते. २०२२ मध्ये युनेस्कोने बॅगेट हा लांबट पाव बनवण्याच्या कसबाला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, हे बातम्यांमध्ये आलं होतं. त्याआधीच, १९९३ मध्ये, फ्रान्सने सरकारी फर्मान काढून ठरवलं होतं की ‘पारंपरिक फ्रेंच पाव’ असं नाव लावायचं तर त्यात पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट किंवा आंबवण. वरून रसायनं नकोत आणि कणीक गोठवायचीही नाही. जिथे कणीक मळली जाते तिथेच भाजली जात असेल तरच दुकानावर ‘बुलाँजरी’ अशी पाटी लावता येते, हाही कायदाच. गंमत म्हणजे या पावाच्या लांबट आकारामागेही कामगारांच्या तासांची गोष्ट सांगतात. १९१९ मध्ये कायदा झाला की बेकरीत रात्री दहा ते पहाटे चार काम करून घ्यायचं नाही. पहाटे चारला सुरुवात करून सकाळच्या गिऱ्हाइकाला मोठा गोल पाव देणं जमेना. बारीक लांब पाव लवकर भाजून निघायचा. बॅगेटचा प्रसार त्यामुळेच झाला, असं एक मत आहे. सगळेच ते मानत नाहीत. मला ते मानायला आवडतं.

ल्योंमधल्या आमच्या घराखालीच बेकरी होती. सकाळी सातलाच रांग. मालकीणबाई प्रत्येकाला विचारायच्या, जास्त भाजलेला की कमी? पावाच्या मधोमध कागदाची पट्टी गुंडाळून हातात द्यायच्या, दोन्ही टोकं उघडीच. पाव गरम असायचा, आणि दाबला की वरचं कवच करकरायचं. रांगेतला जवळजवळ प्रत्येक जण दुकानाच्या पायरीवरच टोक मोडून तोंडात टाकायचा. शाळेत निघालेली पोरं, टाय लावलेले साहेब, म्हाताऱ्या आजी, सगळे. तिसऱ्या-चौथ्या सकाळी बाईंनी मला न विचारताच जास्त भाजलेला काढून ठेवला. त्या सकाळी मी घरी आईला फोन करून ही बातमी सांगितली.

आता ते बारा ते दोन. फ्रेंच कामगार कायद्यात एक कलम आहे: कामाच्या जागेवर बसून जेवायला मनाई. कोविडच्या काळात ते तात्पुरतं सैल केलं होतं. मूळ हेतू आरोग्याचा, पण परिणाम असा की दुपारी माणसं टेबलावरून उठतात आणि एकत्र बसून जेवतात. खानावळीबाहेर काळ्या पाटीवर खडूने त्या दिवसाचं जेवण लिहिलेलं असतं. आधी काहीतरी हलकं, मग मुख्य पदार्थ, मग चीज किंवा गोड. एक संपल्याशिवाय दुसरं येत नाही, आणि वेटरला घाई करता येत नाही. साध्या पाण्याचा जग आणि पाव फुकट असतो. पाण्याचे पैसे घ्यायचे नाहीत असा नियमच आहे. सेवेचे पैसे बिलातच धरलेले असतात, त्यामुळे टीप देणं आपल्या मर्जीवर. बिल मात्र मागितल्याशिवाय येत नाही. टेबल आपलं आहे तोवर उठा असं सुचवणं त्यांना असभ्य वाटतं. २०१० मध्ये युनेस्कोने या साग्रसंगीत फ्रेंच जेवणालाही वारसा म्हटलं तेव्हा त्यात पदार्थांची यादी नव्हती. माणसांनी एकत्र बसणं, क्रमाने वाढणं आणि चवीबद्दल बोलणं होतं. पुण्यात दुपारी दुकान बंद ठेवणाऱ्यांची थट्टा मीही वर्षानुवर्षं ऐकत आले आहे. आता मला ती करवत नाही.

आम्ही शाकाहारी, आणि ल्यों म्हणजे मांसाहाराचं माहेरघर. तिथल्या जुन्या घरगुती खानावळींना ‘बुशाँ’ म्हणतात आणि तिथल्या पाटीवर बहुतेक नावं डुकराच्या नाहीतर वासराच्या कुठल्या ना कुठल्या भागाची. जाणाऱ्यांनी काही गोष्टी माहीत करून घ्याव्यात. कांद्याचं सूप दिसायला शाकाहारी असलं तरी बहुतेकदा गोमांसाच्या रसात केलेलं असतं. रोकफोर, कोंते यांसारख्या पारंपरिक चीजमध्ये दूध घट्ट करायला जनावराच्या पोटातलं रेनेट वापरतात. ज्यांना चालत नाही त्यांनी विचारून घ्यावं. ‘शाकाहारी’ एवढं म्हणून भागत नाही. मांस नको, मासे नकोत, असं दोन्ही सांगावं लागतं. पण चित्र बदलतंय. फ्रान्सच्या शाळांमधल्या खानावळीत आठवड्यातून एकदा बिनमांसाचं जेवण आता कायद्याने द्यावं लागतं. आणि त्याच बुशाँमध्ये मला एक पदार्थ मिळाला तो तिथल्या विणकरांच्या गरिबीतून आलेला, सेर्वेल द कान्यू. ताज्या मऊ चीजमध्ये बारीक चिरलेला लसूण, कांद्याची पात, थोडं तेल, थोडा व्हिनेगर. चव थेट आपल्या चक्क्यात लसूण आणि पात घातल्यासारखी. बाकी दिवस घरीच रांधलं. ल्योंपासून फार लांब नसलेल्या प्युईची हिरवी मसूर बाजारात मिळते, १९९६ पासून तिला मूळस्थानाचा सरकारी शिक्का आहे. तिची गोडा मसाला घालून केलेली आमटी आणि खालच्या बेकरीतला पाव, हे जेवण आम्ही कितीदा जेवलो.

घर क्र्वा-रूस टेकडीवर होतं. ल्योंमध्ये दोन टेकड्या: फूर्व्हिएर ही प्रार्थनेची टेकडी आणि क्र्वा-रूस ही कामाची, असं तिथले लोक सांगतात. खालून सोन आणि रोन या दोन नद्या वाहतात आणि गावाच्या दक्षिणेला एकमेकींना मिळतात. रेशीम विणणारे कान्यू एकोणिसाव्या शतकात या कामाच्या टेकडीवर राहायचे. त्यांच्या घरांची छतं तब्बल चार मीटर उंच, खिडक्याही तेवढ्याच लांबरुंद, कारण माग उंच होता आणि उजेड हवा होता. माणसं राहायची ती वर बांधलेल्या लाकडी माळ्यावर. आम्ही ज्या माळ्यावर झोपत होतो तिथे कधीकाळी विणकराचं सगळं कुटुंब झोपत असणार. घरांच्या मधून एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत उतरणारे बोळ आहेत, त्यांना ‘त्राबूल’ म्हणतात. कापडाचे गठ्ठे पावसात न भिजता खाली व्यापाऱ्याकडे नेता यायचे.

इथेच जोसेफ-मारी जकार्ड याचं यंत्र रुजलं. १७५२ मध्ये ल्योंमध्येच जन्मलेला माणूस. १८०४ च्या सुमारास त्याने मागावर बसवायचं ते यंत्र सिद्ध केलं. मेजों दे कान्यू या छोट्या संग्रहालयात ते अजून चालवून दाखवतात. मी तिथून सोलापूरला शेजारच्या मामांना व्हिडिओ कॉल लावला. मामांचं आयुष्य चादरीच्या मागावर गेलंय. तिथे सकाळचे अकरा, सोलापुरात दुपारचे अडीच. मामा नुकतेच जेवून उठले होते.

‘‘काय करालीस गं तिथं?’’

‘‘मामा, नुसतं बघा.’’ मी फोन मागाकडे वळवला.

माग चालवणाऱ्या बाईंनी पायटा दाबला. वरची भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ एक घर पुढे सरकली. ज्या ठिकाणी भोक होतं तिथला आकडा वर उचलला गेला आणि त्याच्याबरोबर ताण्याचे तेवढेच धागे. बाकीचे खालीच राहिले. मधून धोटा सटकन गेला. फणीचा ठोका. पुन्हा पायटा, पुढचा पुठ्ठा. एका पुठ्ठ्याला एक आडवा धागा, आणि शेकडो पुठ्ठ्यांनंतर कुठे एक पाकळी पुरी होणार. बाईंचा हात आणि पाय त्यांच्याकडे न बघताच चालले होते.

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘पुठ्ठे तसेच हायत की! आपल्याकडं वरून असेच येतात बघ.’’ मग माग चालवणाऱ्या बाईंचा हात नीट दाखव म्हणाले, धोटा लाकडाचा आहे का विचार म्हणाले. आणि मग त्यांनी तो प्रश्न विचारला जो मी कुठल्याही प्रवासवर्णनात वाचला नव्हता. ‘‘मजुरी काय पडत होती त्यांना?’’

याचं उत्तर त्याच टेकडीच्या इतिहासात आहे. सूत आणि नक्षी व्यापारी द्यायचा, माग विणकराचा, आणि कापडाच्या दराप्रमाणे मजुरी. दिवसाला पंधरा तासांहून जास्त काम. १८३१ मध्ये विणकरांनी किमान दर ठरवून मागितला. तो ठरलाही, पण काही व्यापाऱ्यांनी पाळायला नकार दिला. २१ नोव्हेंबरला क्र्वा-रूसवरून विणकर खाली उतरले, काळं निशाण घेऊन; त्यावर ‘काम करत जगू, नाहीतर लढत मरू’ असं लिहिलेलं होतं. काही दिवस सगळं शहर त्यांच्या ताब्यात होतं. मग राजाने फौज पाठवली, शहर परत घेतलं आणि तो दरही रद्द केला. १८३४ मध्ये पुन्हा उठाव झाला, पुन्हा चिरडला. मी मामांना हे फोनवरच सांगत होते. आमच्या मागे उभ्या असलेल्या शाळेच्या मुलांना त्यांच्या बाई बहुधा तेच सांगत होत्या.

ल्योंमध्येच, शहराच्या दुसऱ्या टोकाला, मोंप्लेझीर भागात ल्युमिएर बंधूंचा फोटोच्या काचा बनवण्याचा कारखाना होता. १८९५ च्या मार्चमध्ये त्यांनी आपल्या कारखान्याच्या फाटकासमोर कॅमेरा लावला आणि काम सुटल्यावर बाहेर पडणारे कामगार टिपले. जेमतेम पाऊण मिनिटाची फिल्म. लांब झगे आणि टोप्या घातलेल्या बायका, सायकलवाला, एक कुत्रा. त्या रस्त्याचं नाव आता ‘पहिल्या चित्रपटाचा रस्ता’ असंच आहे, आणि जुन्या शेडचा उरलेला भाग जपलाय. हीच फिल्म ७ जुलै १८९६ रोजी मुंबईत वॉटसन हॉटेलात दाखवली गेली. आपल्या सावेदादांनी, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, त्या खेळांनंतर कॅमेरा मागवला आणि मग मुंबईत कुस्ती चित्रित केली. मराठी माणसाच्या हातातला कॅमेरा इथून सुरू झाला. मी मात्र त्या बायकांची चाल बघत होते. पाळी सुटल्यावर मिलच्या फाटकातून माणूस कसा बाहेर पडतो हे मी लहानपणी रोज पाहिलंय. पाठ मोडलेली असते आणि तरी पाय भरभर पडत असतात.

जायचं असेल त्यांच्यासाठी दोन गोष्टी. सप्टेंबरचा तिसरा शनिवार-रविवार जमला तर जरूर साधा. १९८४ मध्ये सुरू झालेल्या प्रथेप्रमाणे त्या दोन दिवसांत एरवी न दिसणाऱ्या सरकारी आणि खासगी वास्तू लोकांना बघायला मिळतात. आणि पॅरिस ते ल्यों टीजीव्ही या वेगवान आगगाडीनेच जा. १९८१ मध्ये देशातला पहिला वेगवान मार्ग याच दोन शहरांसाठी टाकला गेला. दोन तासांत पोचता येतं, आणि तिकीट जितकं आधी काढाल तितकं स्वस्त.

परत आल्यावर सोलापूरला गेले तेव्हा मामांसाठी क्र्वा-रूसवरून आणलेला रेशमाचा छोटा तुकडा घेऊन गेले. त्यांनी तो आधी उलटा केला. विणकर कापडाची मागची बाजूच आधी बघतो. चष्मा कपाळावर सरकवून, कापड डोळ्याजवळ धरून, नखाने धागे मोजत राहिले. ‘‘काम चांगलंय. पण तार फार नाजूक. आपल्या मागाला सोसायची नाही.’’ मग चहा आला. बशीत ओतता ओतता त्यांनी विचारलं, ‘‘आणि माग बंद कधी ठेवायचे ते? रविवारी?’’

मी सांगितलं की तिथे सगळ्या कामगारांसाठी आठवड्याच्या सुट्टीचा कायदा १९०६ मध्ये झाला. त्याच वर्षी मार्चमध्ये कूरिएरच्या कोळशाच्या खाणीत स्फोट होऊन हजाराहून जास्त माणसं मेली होती. संप पेटले, आणि जुलैत रविवारची सुट्टी कायद्यात आली.

‘‘आणि आपल्याकडं?’’

‘‘मुंबईच्या मिलमध्ये १८९० ला. १० जून. नारायण मेघाजी लोखंड्यांनी मिळवून दिली.’’

मामांनी बशी खाली ठेवली. ‘‘म्हणजे सोळा वर्षं आपण आधी की गं!’’ मग त्यांनी नातवाला आतून डायरी आणायला लावली, आणि मला दोन्ही सालं, लोखंड्यांचं पूर्ण नाव आणि ‘कूरिएर’ हे नीट मोठ्या अक्षरांत लिहून द्यावं लागलं. संध्याकाळी मारुतीच्या पारावर त्यांना ते सांगायचं होतं.